पोलादी ओठ

सायकलीत फुकट बसून राहणारा भाग नसतो. स्पोक असो, चेनची कडी असो की साधा वॉशर, प्रत्येकाला काम नेमून दिलेलं असतं आणि प्रत्येकाच्या वजनाचा जाब विचारला जातो. बाटलीच्या पिंजऱ्याचे दोन स्क्रू पोलादी ठेवायचे की टायटेनियमचे, यावर सायकलवेडे तासभर वाद घालू शकतात. इतक्या हिशेबी यंत्रात बिअरची बाटली उघडायचा ओपनर घडवणारे कारागीर आहेत. त्यांच्या कामाकडे गंमत म्हणून बघून पुढे जाणं हा त्या कामावर अन्याय आहे. बाजारातले बरेच ओपनर वरून चिकटवलेले असतात, हे खरं. पण मोजके असे आहेत की त्यांचा आकार सायकलीच्या गरजेतूनच निघालेला दिसतो. जिथे धातू होताच, तिथेच त्याला तोंड फुटलेलं असतं. हे मोजके नमुने हातात घेऊन, उलटसुलट करून पाहण्यासारखे आहेत.

ओपनर पारखायचा तर आधी झाकण पारखावं लागतं. आपण ज्याला नुसतं झाकण किंवा बूच म्हणतो ते दातेरी पत्र्याचं झाकण अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात विल्यम पेंटर यांनी शोधलं आणि १८९२ साली त्याचं पेटंट घेतलं. पत्रा पाव मिलिमीटरहूनही पातळ. नखाने दाबला तर वाकेल असा. पण त्याच्या कडेला चुण्या घातल्या की तोच पत्रा ताठ होतो आणि बाटलीतला कोंडलेला वायू महिनोन्‌महिने अडवून धरतो. पेंटर यांच्या झाकणाला २४ दात होते, आजच्या झाकणाला २१ असतात. आत पूर्वी बुचाची पातळ चकती असे, आता प्लास्टिकचं अस्तर असतं. यंत्राने दाबून बसवल्यावर झाकणाचा बाहेरचा व्यास साधारण २८.७ मिलिमीटर भरतो आणि दात काचेच्या कड्याखाली आत वळून बसतात. दात आणि काचेचा गळा यांच्यामध्ये जी बारीक फट राहते तीच ओपनरची वाट. एवढ्याशा पत्र्यात बंद राहण्याचा हट्ट आणि उघडण्याची सोय या दोन्ही गोष्टी बसवणं, यातच पेंटर यांचं कसब दिसतं.

झाकणापाठोपाठ १८९४ साली पेंटर यांनी ते उघडायच्या साधनाचंही पेटंट घेतलं. त्यातलं तत्त्व आपल्या घरात पिढ्यानपिढ्या वापरात आहे. अडकित्त्यात टेकू एका टोकाला, सुपारी मध्ये आणि हाताचा जोर दुसऱ्या टोकाला असतो. शाळेच्या भाषेत ही दुसऱ्या प्रकारची तरफ. नेहमीच्या कडीच्या ओपनरचंही तसंच. कडीची लांबची बाजू झाकणाच्या माथ्यावर टेकते, जवळचा ओठ दातांखाली शिरतो आणि मूठ वर उचलली की झाकण निघतं. ओपनरचा दुसराही एक घाट असतो. त्यात ओठ पलीकडच्या दातांखाली जातो, टेकू मधे येतो आणि मूठ खाली दाबावी लागते. ती पहिल्या प्रकारची तरफ. दोन्हींनी बाटली उघडतेच. पण हातातला ओपनर कोणत्या जातीचा आहे हे नुसत्या नजरेने ओळखता आलं की त्याच्या कर्त्याने कुठे विचार केला आणि कुठे नाही, तेही दिसू लागतं.

खरी परीक्षा ओठाची असते. ओठ फार अरुंद असला तर सगळा जोर एकाच दातावर येतो आणि पत्रा फाटतो. सरळ रेषेत कापलेला असला तर गोल झाकणाला तो एकाच बिंदूत भेटतो. किंचित अंतर्वक्र असला तर तीन-चार दात एकदम उचलतो आणि झाकण अखंड निघतं. त्याची धार पुढे निमुळती हवी, कारण फट बारीक असते. पण टोक तीक्ष्ण नको, कारण शेजारी काच असते. टेकूसुद्धा झाकणाच्या मध्याच्या पलीकडे पडला पाहिजे. अलीकडे पडला तर झाकण मधोमध मुडपतं आणि एकाऐवजी दोन झटके द्यावे लागतात. मोजक्या मिलिमीटरांत एवढे निर्णय घ्यायचे असतात. चांगल्या ओपनरमध्ये ते सगळे घेऊन झालेले असतात आणि वापरणाऱ्याला त्यांचा पत्ताही लागत नाही.

सायकलवाल्यांना हा खटाटोप का करावासा वाटला? बिअर आणि सायकल यांचा घरोबा जुना आहे. टूर द फ्रान्सच्या पूर्वीच्या काळात उन्हाने तापलेले स्वार वाटेतल्या कॅफेत घुसून हाताला लागतील त्या बाटल्या उचलत. १९३५च्या टूरमध्ये बोर्दोच्या टप्प्यावर प्रेक्षकांनी रस्त्याकडेला थंड बिअर मांडून ठेवली, सगळा ताफा तिथे रेंगाळला आणि तेवढ्यात ज्युलियन मोआनो पुढे निसटला, अशी कथा आजही सांगितली जाते. तो टप्पा त्याने पंधरा मिनिटांहून जास्त फरकाने जिंकला. पुढे अमेरिकेत जेफ लेबेश हा गृहस्थ सायकलवरून बेल्जियमभर तिथल्या बिअर चाखत हिंडला आणि परत आल्यावर १९९१ साली किम जॉर्डन यांच्यासोबत कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्स गावात त्याने न्यू बेल्जियम ही ब्रुअरी काढली. तिची नामांकित बिअर ‘फॅट टायर’. तिच्या मूळ लेबलवर सायकल होती आणि तिथे एक वर्ष नोकरी झाली की कर्मचाऱ्याला सायकल भेट मिळत आली आहे. फेरी संपल्यावर मित्रांसोबत बसणं हा ज्यांना फेरीचाच शेवटचा टप्पा वाटतो, त्यांनी त्या टप्प्याचं अवजारही सायकलीवरच शोधलं, हे ओघानेच आलं.

या सगळ्यांत पहिला मान मी सर्लीच्या टगनटला देतो. सर्ली ही मिनेसोटातली कंपनी. पोलादी फ्रेमच्या, धट्ट्याकट्ट्या सायकलींसाठी ती ओळखली जाते, आणि त्यांत एकाच गिअरच्याही आल्या. एका गिअरच्या सायकलीत चेन ताणून धरायला गिअर बदलणारा डिरेलर नसतो. म्हणून मागचं चाक पुढेमागे सरकवता येईल अशी आडवी खाच फ्रेमच्या टोकाला ठेवतात आणि चाक मागे ओढून चेन ताठ करतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींनाही हेच असतं. ‘चेन सैल झालीय’ म्हणून दुकानात नेली की कारागीर मागच्या आसाजवळचा चेन ॲडजस्टर फिरवतो, तेच काम. टगनट म्हणजे त्याच ॲडजस्टरचा भाऊबंद. फरक इतकाच, की याच्या पोलादी अंगातच ओपनर कोरलेला आहे.

त्याची रचना सावकाश पाहा. आसावर बसणारी जाड पट्टी. तिच्यातून जाणारा स्क्रू फ्रेमच्या टोकाला टेकतो. स्क्रू फिरवला की पट्टी मागे सरते आणि तिच्यासोबत आस. चेनमध्ये साधारण अर्धा इंच वरखाली होण्याइतकी ढील ठेवायची असते. ती या स्क्रूने केसभराच्या फरकाने जुळवता येते. हे काम करणाऱ्या पट्टीला जाड असावंच लागतं, कारण पेडलवर उभं राहून चढ चढताना चेनचा सगळा ओढा तिच्यावर येतो. ओपनरच्या ओठालाही हीच जाडी आणि हीच ताकद हवी असते. ती आधीच तिथे आहे, म्हणून कर्त्याने वेगळा भाग जोडला नाही, जो होता त्यालाच आकार दिला. सायकलीच्या वजनात ओपनरने जवळजवळ काहीच भर टाकलेली नाही, हे लक्षात आलं की या पट्टीकडे बघण्याची नजर बदलते.

दुसरी बारकाई सहसा नजरेतून सुटते. नेहमीच्या ओपनरमध्ये बाटली स्थिर असते आणि मूठ हलते. टगनटमध्ये उलट घडतं. ओपनर फ्रेमला जखडलेला, त्यामुळे हलते ती बाटली. म्हणजे मुठीचं काम बाटलीच करते. लांब मानेची ३३० मिलिलीटरची बाटली वीतभर उंच असते. ती खालच्या अंगाला धरली की ओठापासून टेकूपर्यंतच्या अंतराच्या सात-आठ पट लांबीची तरफ आयती हाताशी येते. वेगळी मूठ बनवायची, ती वागवायची, ती हरवायची भीती बाळगायची, हे सगळं एका फटक्यात वजा झालं. यंत्राकडे नसलेला भाग समोरच्या वस्तूकडून उसना घेणं ही रचनाकाराच्या बुद्धीची उंच पातळी आहे, आणि इथे ती मागच्या चाकाच्या एका नटापाशी पाहायला मिळते.

तिसरी गोष्ट जागेची. हा ओपनर मागच्या आसापाशी, पोटरीच्या उंचीवर आहे. सीटवर बसून हात तिथे पोचत नाही. सायकल थांबवावी लागते, उतरावं लागतं, वाकावं लागतं, एका हाताने सायकल सावरत दुसऱ्या हाताने बाटली लावावी लागते. चेनजवळची जागा म्हणून तिथे वंगण आणि धूळ येणार, तेव्हा बाटली लावण्याआधी रुमालाने पुसून घेणं आलंच. गैरसोय म्हणून कुणी हे मोजेल. मला मात्र यात एक शहाणपण दिसतं: फेरी संपल्याशिवाय हा ओपनर वापरताच येत नाही. जर्मनीसारख्या सायकलप्रेमी आणि बिअरप्रेमी देशातही रक्तातला मद्यांश दर हजारी १.६ झाला की सायकल चालवणं हा गुन्हा ठरतो. ज्या वस्तूची जागाच आधी खाली उतरायला लावते, ती वस्तू आपल्या वापराची शिस्त अंगातच घेऊन आलेली असते.

टगनट सायकलीला बसतो. त्याच्या पुढचं घराणं पिशवीत बसणाऱ्या पान्यांचं. एका गिअरच्या सायकलींची चाकं बहुधा नटांनी आवळलेली असतात आणि त्या नटांचं ठरलेलं माप १५ मिलिमीटर. पंक्चर झालं आणि हा पाना नसेल तर चाक निघत नाही, म्हणून तो जवळ बाळगावाच लागतो. सर्लीचा जेथ्रो ट्यूल, पेड्रोजचा ट्रिक्सी आणि पार्क टूलचा एसएस-१५ हे तिन्ही पाने याच गरजेतून आले, आणि तिन्हींत ओपनर आहे. पार्क टूलने पान्याच्या जोडीला टायर काढायची पट्टीही दिली. ट्रिक्सीत फिक्स्ड गिअर जागी आवळून धरणाऱ्या लॉकरिंगसाठी आकडा आणि लहान नटांसाठी खाचाही आहेत. एका हाताच्या पंजात मावणाऱ्या सपाट पोलादात इतकी तोंडं कोरूनही तो तुकडा पाना म्हणूनच ओळखू येतो, ही घडवणाऱ्याची हुकमत.

इथे तोलाचा एक सुंदर मुद्दा आहे. मागच्या आसाचा नट नीट आवळायला ३० ते ४५ न्यूटन-मीटरच्या घरातला पीळ लागतो. तेवढा जोर द्यायचा तर पान्याला लांबी हवी, जाडी हवी, कडक पोलाद हवं. झाकण काढायला याच्या कितीतरी कमी जोर पुरतो. म्हणजे नटासाठी बनलेली भक्कम मूठ ओपनरला बक्षीस मिळते. स्वयंपाकघरातल्या ओपनरच्या नशिबी इतकं दणकट पोलाद क्वचितच येतं. म्हणून या पान्यांनी झाकण उघडताना हात कुठे अडत नाही, धातू कुठे लवत नाही. झाकण ‘टक्‌’ असा एकच आवाज करून सुटतं. कठीण कामासाठी घडलेलं अवजार सोपं काम किती सहज करतं, याचा अनुभव त्या एका आवाजात मिळतो.

पण एका तुकड्याला दोन तोंडं दिली की दोघांचं भांडण लागण्याचा धोका असतो. नट आवळताना ओपनरचं तोंड तळहातात येतं. बाटली उघडताना पान्याचं कडं तळहातात येतं. एकाची धार दुसऱ्याच्या वेळी हाताला बोचली तर ते अवजार कुणी दुसऱ्यांदा पिशवीत टाकणार नाही. म्हणून अशा पान्याच्या कडांवरून बोट फिरवून बघावं. चांगल्या पान्यात ओठाची आतली बाजू निमुळती ठेवतात, पण बाहेरची कड घासून गोल करतात. त्यामुळे झाकणाला तो ओठ आणि हाताला ती गोलाई. हा फरक बोटाच्या पेराला जाणवतो, फोटोत दिसत नाही. पोलाद कापणारं यंत्र चौकट आखतं, पण कडा मऊ करायचा निर्णय माणसाचा असतो आणि त्या निर्णयातच या घराण्याची सगळी अदब आहे.

सर्लीच्याच मिनेसोटात वुल्फ टूथ नावाची आणखी एक कंपनी आहे. तिने ओपनरला डिस्क ब्रेकची चकती सरळ करायची खाच दिली. ब्रेकची ही चकती साधारण १.८ मिलिमीटर जाडीची असते; दगड लागला, सायकल आडवी पडली की ती किंचित वाकते आणि चाक फिरताना दर फेरीला ‘खिस्‌ खिस्‌’ घासू लागते. ती सरळ करायला बारीक खाचेचं अवजार चकतीत अडकवतात आणि हलकेच, अगदी हलकेच, विरुद्ध बाजूला लववतात. जोर जरा जास्त झाला की चकती पलीकडे वाकते. आता ही दोन कामं शेजारी ठेवून पाहा. झाकणाला एक झटका हवा. चकतीला सतारीच्या खुंटीसारखा कणाकणाने दिलेला पीळ हवा. एकाच मुठीने दोन्ही साधायचं, म्हणजे मूठ झटक्यासाठी पुरेशी लांब आणि बारीक हालचाल हाताला कळावी इतकी ताठ हवी. रोज लागणारं काम कोणतं आणि हौसेचं कोणतं, असा प्रश्न या ओपनरपुढे उरत नाही. दोघांचा मान त्याने सारखा ठेवला आहे.

सायकलीवरून अंगावरच्या सामानाकडे आलं की क्रोम कंपनीच्या बॅगेपाशी थांबावं लागतं. १९९५ साली कोलोरॅडोतल्या बोल्डर गावात सुरू झालेल्या या कंपनीने सायकलवरून टपाल पोचवणाऱ्यांसाठी खांद्यावरच्या बॅगा शिवल्या आणि त्यांना भंगारातल्या मोटारींच्या सीटबेल्टची बकलं लावली. कारण व्यवहारी होतं. टपाल पोचवणारा दिवसातून कितीतरी वेळा बॅग काढतो-घालतो. त्याला हातमोज्यातूनही एका बोटाने सुटणारं आणि ओझ्याने न सुटणारं कुलूप हवं. अपघातात माणसाचं वजन पेलायला बनलेल्या बकलाइतकं विश्वासाचं दुसरं काय मिळणार? पुढे याच बकलाच्या धातूने ओपनरचं कामही उचललं. छातीवर आडव्या पट्ट्याच्या मधोमध ते चमकतं. लोक त्याला सजावट समजतात, आणि खरंच या बॅगेत दुसरी सजावट नाही. जे सगळ्यांत जास्त काम करतं तेच सगळ्यांत जास्त दिसतं, ही या रचनेची खानदानी ऐट.

घडीच्या मल्टिटूलमधल्या ओपनरवर फार वेळ घालवायला नको. टोपीकच्या एलियनसारख्या भरगच्च अवजारात ॲलन की, स्क्रूड्रायव्हर, चेन तोडायचं साधन यांच्या रांगेत ओपनरही असतो, आणि लागेल तेव्हा तो काम भागवतो. मात्र घडीच्या पात्याला बिजागरी असते, बिजागरीला थोडी ढील असते आणि ती ढील ओठापर्यंत पोचते. शिवाय मूठ आखूड. इथे कौतुक ओपनरचं करण्यापेक्षा मांडणीचं करावं: इतकी पाती एकमेकांना न अडता ज्या क्रमाने मिटतात, तो क्रम बसवणाऱ्याचं डोकं नक्कीच दाद देण्याजोगं आहे.

ओपनरच्या या मैफलीत इटलीचा एक बुजुर्ग हवाच, जरी त्याची बाटली वाइनची असली तरी. विचेंझाचे तुल्लिओ कॅम्पाग्नोलो यांचं नाव सायकलजगतात झटक्यात सुटणाऱ्या चाकामुळे अमर झालं: आसातून जाणारी बारीक सळई, टोकाला एक लिव्हर, पाना न लावता चाक बाहेर. याच माणसाने १९६६ साली बुचाचा स्क्रू घडवला. बाटलीच्या गळ्यावर घंटेच्या आकाराची टोपी बसते आणि स्क्रू आपोआप बुचाच्या मध्यावर येतो. मग दोन बाजूंचे दोन दांडे खाली दाबले की बूच शांतपणे वर येतं. चाकाच्या लिव्हरमध्ये जी जाण आहे तीच इथे आहे: माणसाने डोळे वटारून नेम धरायची गरज पडू नये, धातूनेच त्याचा हात योग्य जागी न्यावा. सायकलीचे भाग घडवलेल्या हाताने जेवणाच्या टेबलासाठी काही घडवलं तरी त्याची सही ओळखू येते.

उघडलेल्या झाकणाचं काय होतं? बहुतेक वेळा ते कचऱ्यात जातं. नायनर या सायकल कंपनीने त्याला सायकलीत जागा दिली. हँडलचा स्टेम जिथे पुढच्या फोर्कच्या नळीवर बसतो, तिथे वर एक छोटी टोपी असते. तिच्यातून जाणारा बोल्ट हेडसेटचं बेअरिंग नेमकं आवळायला लागतो. नायनरने ही टोपी अशी बनवली, की तिच्यात आपल्या आवडत्या बाटलीचं झाकण बसावं. चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, बरोबर दोन हातांच्या मधे, त्याच्या पसंतीची बिअर. न्यू बेल्जियमचं फोर्ट कॉलिन्स हेच पुढे नायनरचंही गाव झालं, हा योगही छान आहे.

या टोपीत ओपनरच्या कलेची परीक्षाच दडलेली आहे. मुडपलेलं झाकण तिच्यात शोभत नाही. मधोमध घडी पडलेलं, एका बाजूचे दात उपटलेलं झाकण घेऊन आलात तर तुमच्या ओपनरचा सगळा हिशेब त्यावर लिहिलेला सापडेल: ओठ अरुंद होता की टेकू अलीकडे पडला होता, झटका एक होता की दोन. अंतर्वक्र ओठाने आणि पलीकडच्या टेकूने उघडलेलं झाकण किंचित कलतं, पण सपाट राहतं. ते हलक्या हाताने पुन्हा गोल करून टोपीत बसवता येतं. एरवी उघडण्याची कला उघडल्याबरोबर नाहीशी होते. इथे तिचा पुरावा हँडलवर शिल्लक राहतो आणि रोज दिसतो.

हे सगळं परदेशातल्या एका छंदाचं कौतुक आहे, आपल्याला त्याचं काय, असं पुण्या-मुंबईतल्या किंवा नाशिकच्या वाचकाला वाटू शकेल. पण झाकण जगभर तेच आहे. काचेच्या बाटलीतल्या सोड्यालाही तेच २१ दात, लिंबू-सरबताच्या बाटलीलाही तेच. हॉटेलच्या गल्ल्याशेजारी दोरीला बांधलेला ओपनर आणि मिनेसोटाच्या पोलादातला ओपनर एकाच फटीत शिरतात. शिवाय मागचा नट आवळणं, चेन ताणणं, घासणारी चकती सरळ करणं ही कामं सिंहगडाच्या पायथ्याशीही तीच असतात. बिअर न पिणाऱ्यालाही या अवजारांतली बुद्धी पुरेपूर उपभोगता येते, आणि जर्मनीत तर शर्यत संपल्यावर बिनमद्याची बिअर पिणारे स्वार ढिगाने दिसतात.

माझा निवाडा सांगतो. टगनट सर्वांत वर, कारण त्याने सायकलीत काहीही न वाढवता एक काम वाढवलं. त्याच्या खालोखाल १५ मिलिमीटरचे पाने, कारण त्यांच्या मुठीत खरा जोर आहे. मग वुल्फ टूथची खाच, मग क्रोमचं बकल. ओपनर आहे म्हणून सायकलीचा एखादा भाग विकत घ्यायचा असेल तर आधी त्याचं मूळ काम तपासा; ते चोख असेल तरच ओठाकडे वळा. ओठावरून बोट फिरवा, टेकू झाकणाच्या मध्यापलीकडे पडतो का ते बघा. मग फेरी पुरी करा, सायकल उभी करा, एक बाटली उघडा आणि निघालेलं झाकण टेबलावर ठेवा. ते सपाट बसलं तर ओपनर चांगला आहे.